कूमचं मशीन

पिंपाच्या तळाची शिवण एकवीस सेंटिमीटर लांब होती. तिच्या डाव्या टोकापासून चार बोटांवर पाणी जमत होतं. आधी नुसती ओल, मग चमक, मग मसुराएवढा फुगवटा. तो लोंबायचा, जरा थरथरायचा आणि सुटायचा. दोब्रिला हातात स्टॉपवॉच घेऊन उकिडवी बसली होती. एकेचाळीस सेकंद. पुढचा थेंब अडतीस. त्यापुढचा पुन्हा एकेचाळीस. तिनं तिन्ही आकडे वहीत उतरवले आणि पिंपावर खडूनं फुली मारली.

"सतरा," झिवादिन मागून म्हणाला. तो पंचवीस वर्षं या कारखान्यात फिटर होता आणि वाईट बातमी जांभई देत द्यायचा. "तेविसातली सहा राहिली. सहा चांगली."

"सहा गळत नाहीत. चांगली आहेत असं मी म्हटलेलं नाही."

"बाई, तुमच्या हाती मुलगी बघायचं काम दिलं असतं तर गावात एकाचंही लग्न झालं नसतं."

"वजन सांगा."

त्यानं उरलेल्यांतलं एक पिंप काट्यावर ठेवलं. दोन किलो पाचशे दहा ग्रॅम. त्याच्या आधीचं दोन किलो दोनशे नव्वद. दोन्हींच्या मधे मशीनचं एकही बटण कुणी हलवलं नव्हतं. प्लास्टिकचा दाणा तोच, साचा तोच, उष्णता तीच, आणि तरी पिंपं एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी बाहेर येत होती.

सर्बियात चाचकहून क्राल्येवोकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेला हा कारखाना वर्षभर डबे, कॅन, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या असं काहीबाही बनवायचा. पण त्याचं पोट चालायचं ते साठ लिटरच्या निळ्या पिंपांवर. ऑक्टोबर संपत आला की मोरावा नदीच्या दोन्ही काठांवरचं प्रत्येक घर कोबी आंबवायला घालतं. अख्खे गड्डे, मीठ, पाणी, वर दगड. हिवाळाभर त्या एका पिंपातून जेवायचं. पिंप गळलं की मिठाचं पाणी उतरतं, वरचे गड्डे उघडे पडतात, मऊ होतात, काळे पडतात. मग झाकण उघडल्यावर जो वास सुटतो त्यानं माणूस पिंप बनवणाऱ्याचं नाव जन्मभर विसरत नाही. सहकारी दुकानाला वीस तारखेपर्यंत सहाशे पिंपं हवी होती. आज अकरा तारीख होती. दुकानातली स्पासेनिया सकाळीच फोनवर म्हणाली होती, "लोक दारात येऊन विचारतायत, पिंपं कुठायत. काय सांगू त्यांना? अजून दात घासतायत म्हणून?"

रादिसाव आत आला. दोब्रिलाचा बाप, वय बहात्तर. त्याचा बाप लाकडी पिंपं बनवायचा, त्यामुळं कुठलंही पिंप दिसलं की त्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केल्याशिवाय त्याला पुढं जाववत नसे. आताही त्यानं फुली मारलेल्या पिंपावर टकटक केलं.

"याला काय झालं?"

"गळतंय."

त्यानं वाकून पाहिलं. थेंब सुटेपर्यंत वाट पाहिली. "एवढुसं? आमच्या म्हाताऱ्याची पिंपं पहिले दोन दिवस गळायचीच. मग लाकूड फुगायचं आणि सगळं बंद."

"बाबा, प्लास्टिक फुगत नाही."

"मला शिकवू नकोस. तीस वर्षं प्लास्टिक करतोय." तो सरळ झाला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "पण मिठानं बुजेल की."

झिवादिन एकदम काट्याची तबकडी पुसायला लागला.

"मोमिर येतोय," रादिसाव म्हणाला. "तापमान सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड घेऊन. म्हणतो, दोष तिथंच असणार."

"जुलैत दोष पंपात होता."

"मग पंप आणून बसवला की नाही त्यानं? पैसे घेतले?"

"नाही घेतले."

"मग!"

या 'मग'पाशी त्यांचं प्रत्येक बोलणं येऊन थांबायचं. त्याच्या पलीकडं वाट नव्हती.

मोमिर कूम होता. रादिसावच्या लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला, दोब्रिलाच्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती धरून तिला नाव दिलेला. बांधाच्या वादातून सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारी माणसं त्या भागात डझनावारी होती. कूमशी आवाज चढवलेला माणूस मात्र दोब्रिलानं आजवर पाहिला नव्हता. आणि हा कूम जुनी मशीनं विकायचा. उत्तर इटलीतले कारखाने बंद व्हायचे किंवा नवीन मशीनं घ्यायचे, तेव्हा जुनी ट्रकवर घालून तो आणायचा, क्रागुयेवाट्सबाहेरच्या त्याच्या शेडमध्ये धुऊन रंगवायचा आणि विकायचा. अर्ध्या सर्बियातल्या बाटल्या त्याच्या हाताखालून गेलेल्या मशीनांवर निघत होत्या, आणि त्यांतली बरीच अजून चालत होती. तो लबाड नव्हता. हेच तर अवघड होतं.

कारखान्याचं आधीचं पिंपांचं मशीन बावीस वर्षं चालून फेब्रुवारीत सांगाड्यापाशी तडकलं, तेव्हा दुसरीकडं जायचा प्रश्नच नव्हता. मार्चमध्ये बापलेक शेडवर गेले. मशीन हिरवंगार रंगवलेलं होतं, नव्यासारखं. दोब्रिला बेलग्रेडला यंत्रशास्त्र शिकलेली. रंगाकडं ती रंग म्हणून बघत नसे. पुढचं तोंड बंद करणाऱ्या फ्लँजच्या आठही बोल्टांच्या खाचा रंगानं बुजलेल्या तिला दिसल्या. म्हणजे रंग दिल्यानंतर आतला स्क्रू कुणी बाहेर काढला नव्हता. रंगाखाली पान्याचे जुने ओरखडेही नव्हते. म्हणजे कदाचित त्याआधीही कित्येक वर्षं नाही. अशा मशीनचं काळीज म्हणजे तो स्क्रू आणि तो ज्याच्यात फिरतो ते पोलादी बॅरल. दोघांमधली फट एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. ती वाढली की वितळलेलं प्लास्टिक पुढं जाण्याऐवजी कडेनं मागं घसरतं. बाहेरून काही दिसत नाही. मोजावंच लागतं. बॅरल आतून मोजायचं बोअर गेज तिच्या बॅगेत होतं.

तिनं बॅगेची चेन ओढली आणि तिच्या हातावर बापाचा पंजा आला.

"कूमच्या मशीनला गेज लावतेस?" तो पुटपुटला. चिडून नव्हे, चर्चमध्ये कुणी मोठ्यानं बोललं की माणूस जसा ओशाळून बोलतो, तसा.

मोमिरनं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवून ग्लास शोधायला वळला. आलुबुखाराची रकिया ओतली गेली. तिघं उभ्याउभ्याच प्यायले. मशीन घेतलं गेलं.

एप्रिलमध्ये ते चालू झालं तेव्हा मशीनच्या डोक्यातलं भांडं, जिथं एका पिंपापुरतं वितळलेलं प्लास्टिक साठतं ते, भरायला अठ्ठ्याहत्तर सेकंद लागत होते. दोब्रिलानं तो आकडा वहीत लिहिला, कारण पहिला आकडा नेहमी लिहावा. जूनमध्ये तेवढंच भरायला ब्याण्णव लागले. सप्टेंबरमध्ये एकशे दहा. स्क्रू तितक्याच वेगानं फिरत होता. पोचत मात्र कमी होतं, आणि जे पोचत होतं ते कधी जास्त तापलेलं, कधी अर्धवट वितळलेलं. त्यामुळं भिंत कुठं जाड, कुठं पातळ, आणि तळाशी साचा मिटताना ज्या प्लास्टिकच्या नळीतून पिंप फुगवतात तिचे दोन ओठ नीट चिकटत नव्हते. हे समजायला तिला जूनच्या अखेरीपर्यंत वेळ लागला. त्यानंतरचे साडेतीन महिने न समजल्यासारखं वागण्यात गेले.

कारण दर वेळी मोमिर यायचा. बोलावलं की दुसऱ्या दिवशी हजर. हीटरचे पट्टे घेऊन आला, ते बदलले. पिंपं आठवडाभर बरी आली, मग पुन्हा तेच. पंप आणला. एक व्हॉल्व आणला, तो कुठल्याशा मेलेल्या मशीनचा होता आणि ह्या मशीनवर बसावा म्हणून झिवादिननं दोन दिवस कानशीनं घासला. ऑइल सील तर इतके आणले की खिडकीच्या चौकटीवर त्यांची माळ लटकत होती. दोब्रिला विनवायची, एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशानं काय झालं ते कळेल. मोमिर म्हणायचा, हो हो, बरोबर, आणि आलोच आहे तर हेही बघून घेऊ म्हणून आणखी तीन गोष्टी उघडायचा. संध्याकाळी तो कोपरापर्यंत ग्रीस माखलेल्या हातांनी कॉफी प्यायचा. एक दिनारही घ्यायचा नाही. अशा माणसाला काय सांगायचं?

तिनं बापाला जुलैत सांगितलं: स्क्रू काढून मोजू या. तो म्हणाला, काढू, पण आत्ता नको. ऑगस्टमध्ये गरम फार होतं. सप्टेंबरमध्ये ऑर्डरी होत्या. स्क्रू काढणं म्हणजे कूमला विचारणं होतं, आणि ते त्यालाही कळत होतं, तिलाही. मोजलं नसलं तरी उत्तर तिला ठाऊक होतं, आणि त्या उत्तरापुढं करण्यासारखी एकच गोष्ट होती तीही. दोष एकट्या बापाचा नव्हता. कूमला म्हणायचं वाक्य तिनं तीनदा जुळवलं होतं, एकदा तर चाचकला गाडीनं जाताना मोठ्यानं म्हणूनही पाहिलं होतं. मग दारात मोमिरची पांढरी व्हॅन दिसायची आणि ती कॉफी ठेवायला आत जायची.

आताही व्हॅन आली. मोमिर उतरला, जाड, लालबुंद, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड आणि हातात अक्रोडांची पिशवी. त्यानं रादिसावच्या गालांवर तीनदा ओठ टेकवले, मग दोब्रिलाच्या.

"काय गं पोरी, चेहरा असा का? नाव मी 'चांगली' म्हणून ठेवलं होतं. हा चेहरा कुणी ठेवला?"

"मशीननं," झिवादिन म्हणाला.

"मशीनला आज औषध आणलंय. हे कार्ड मी कुणाला दिलं नसतं. इटलीतल्या मोदेनाहून आलेल्या मशीनमधलं आहे, नव्यासारखं."

"कूम," दोब्रिला म्हणाली, "आज फक्त कार्ड बदलायचं. दुसरं काही नाही. शपथ घ्या."

"संत योवानची शपथ. फक्त कार्ड." त्यानं पाना झिवादिनच्या हातात देऊन टाकला, जणू आपल्याच हातांवर भरवसा नव्हता.

कार्ड बसवायला तास लागला, तापमान चढायला आणखी दीड. तेवढ्या वेळात रादिसावनं अक्रोड फोडले, मोमिरनं आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं, दोघं म्हातारे पिंपांवर पाट टाकून बसले आणि एकोणीसशे एकाहत्तरच्या लष्करी तळावरच्या एका स्वयंपाक्याला शिव्या घालून हसले. दोब्रिला मशीनपाशी उभी होती. बाप इतका हसलेला तिनं या उन्हाळ्यात पाहिला नव्हता.

पहिलं पिंप निघालं. दोन किलो चारशे ऐंशी. मोमिरनं टाळी वाजवली. दुसरं, दोन किलो तीनशे दहा. तिसरं, दोन किलो पाचशे साठ.

झिवादिननं तिसरं पिंप काट्यावरून उतरवलं.

"गरम व्हायला वेळ लागतो कार्डाला," रादिसाव म्हणाला.

दोब्रिलानं खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि मोमिरच्या हातात दिलं. "कूम, तुम्ही धरा. स्क्रू फिरायला लागला की दाबा, भांडं भरून थांबला की दाबा. मी काही बोलत नाही."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग मशीनकडं. स्क्रू घुमायला लागला. मोमिरचा जाड अंगठा बटणावर दाबला गेला. तो चाळीस वर्षं मशीनांत वावरलेला माणूस होता. मिनिटभर झालं तसा त्याचा चेहरा बदलत गेला, आणि स्क्रू तरीही घुमत राहिला. शेवटी थांबला. मोमिरनं चष्मा कपाळावर सारला.

"एकशे एकवीस."

"एप्रिलमध्ये अठ्ठ्याहत्तर होते."

तो पाटावर बसला. स्टॉपवॉच त्यानं परत दिलं नाही, मुठीत धरून ठेवलं.

"बॅरल खाल्लं गेलंय," तो हळूच म्हणाला.

"स्क्रूसुद्धा. वरचा कठीण थर गेलाय. तो गेला की पुढची झीज भरभर होते."

"आणि हे तू कधीपासून..."

"जूनपासून."

"आणि मी पंप आणला!" तो एकदम ओरडला, तिच्यावर नव्हे, कुणावरच नव्हे. "दोनशे किलोमीटरवरून पंप आणला मी! बोलायचं नाही?"

"तुम्ही मोजलं होतं का, कूम? शेडमध्ये आणण्याआधी?"

त्यानं अक्रोडाची टरफलं बुटानं एका जागी लोटली. "त्या इटालियनला मी वीस वर्षं ओळखतो. त्याच्या पोरीच्या लग्नात नाचलोय. त्याच्यासमोर स्क्रू काढायला सांगू?" मग तो रादिसावकडं वळला. "आणि शेडवर आणल्यावर... मला वाटलं होतं, ही मोजेल. बॅग घेऊन आली होती की ही. मी मनात म्हटलं, बरं झालं, पोरगी मोजेल, काही निघालं तर आपण परत पाठवू. आणि तू तिच्या बॅगेवर हात ठेवलास."

"तुझा मान ठेवला मी," रादिसाव म्हणाला.

"तेच म्हणतोय ना! तू मान ठेवलास, मग मी कुठल्या तोंडानं म्हणू की बाबांनो, मोजा? तुझा हात बाजूला करू?"

झिवादिन पुटपुटला, "आणि मी इथं दोन दिवस व्हॉल्व घासला," आणि बाहेर सिगारेट ओढायला गेला.

नवा स्क्रू आणि बॅरल करून मिळायला दहा आठवडे लागतात, तेही कारखाना रिकामा असला तर. मोमिरनं हे स्वतःच सांगितलं. जुनं घासून भरून आणायला सहा. दुकानानं दिलेली वीस तारीख नऊ दिवसांवर आली होती.

रादिसावनं कपाटातून बाटली काढली. तीन ग्लास मांडले. त्याच्या हालचालीत आता एक प्रकारची सुटका होती. बोलायचं ते बोलून झालं, पुढचं सोपं, अशी.

"हे बघ," तो म्हणाला, "सीझन होऊ दे. हळू चालवू. तेविसात सहा निघतात, उद्या आठ निघतील. आणि ज्यांचा थेंब हळू आहे ती पण जाऊ देत. चाळीस सेकंदांना एक थेंब, म्हणजे किती पाणी ते? नंतर जानेवारीत निवांत बघू."

"हां, जानेवारीत," मोमिर लगेच म्हणाला. "जानेवारीत मी स्वतः उघडतो. सगळं माझ्या खर्चानं. काय पोरी?"

दोघंही तिच्याकडं इतक्या आशेनं बघत होते की तिला क्षणभर 'हो' म्हणून टाकावंसं वाटलं. साडेतीन महिने ती हेच करत आली होती. तिनं वही उघडली, पेन्सिलीनं दोन ओळींचा हिशेब केला आणि तो पुन्हा एकदा तपासला.

"दिवसाला शंभर मिलिलिटरच्या वर," ती म्हणाली. "एक नोव्हेंबरला कोबी घातला तर सात जानेवारीला, आपल्या नाताळापर्यंत, सात लिटर. वरचे दोन थर उघडे पडतील."

"लोक वरून पाणी घालतात की," रादिसाव म्हणाला. पण त्याचा आवाज खाली आला होता. नाताळाच्या दिवशी सार्मा, कोबीच्या पानांत बांधलेला खिमा, करायला घरची बाई पिंपाचं झाकण उघडते आणि गड्ड्याची पानं एकेक सोडवते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याच्या बापाची पिंपं अजून तीन गावांत वापरात होती.

"बाबा, तुम्ही हे पिंप आत्याकडं पाठवाल?"

रादिसावनं ग्लास उचलला, प्यायला नाही, परत ठेवला.

मोमिर उठला. तिच्याजवळ आला. त्याच्या अंगाला ग्रीसचा आणि अक्रोडाच्या हिरव्या सालीचा वास येत होता. "दोब्रिला," तो म्हणाला. नेहमीचं 'पोरी' नव्हे. "मी तुझ्यासाठी मेणबत्ती धरली होती. माझ्यासमोर असं तोंड मिटून उभी राहू नकोस. सगळा उन्हाळा मी इथं येतोय, आणि तू मला कॉफी देतेयस. काय असेल ते बोल."

तिनं बापाकडं पाहिलं. तो हात पुढं करील, तिला थांबवील, असं तिला वाटलं. त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि मान खाली घातली होती. तो थांबवत नव्हता. तिनं भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. पंपाची घरघर उतरत उतरत बंद पडली, आणि कारखान्यात इतकी शांतता झाली की तिला स्वतःचा आवाज अनोळखी वाटला.

"कूम, हे मशीन आम्ही ठेवत नाही. तुम्ही ते परत घेऊन जा. यंदा आमच्याकडून पिंपं जाणार नाहीत, हे मी सहकारी दुकानाला आत्ता सांगते. आणि पुढचं मशीन आम्ही तुमच्याकडून घेऊ किंवा दुसऱ्याकडून घेऊ, पण घ्यायच्या आधी मी ते उघडून मोजणार, तुमच्यासमोर."